पाहणारी एक, ठरवणारा दुसरा : बारामती-इंदापूरमधील आरोग्यसेवा आणि सहकार्याचा प्रश्न

आग्रही : आरोग्यसेवेत रुग्ण एकाच माणसाच्या हाती कधीच नसतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गळीत हंगामात. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात उतरतात. टोळीतली एखादी बाई सातव्या महिन्याची गरोदर असेल, तर तिची पहिली गाठ कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, फिरणाऱ्या आशाताईशी पडते. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड बहुधा गावी राहिलेले असते, म्हणून आधीच्या तपासण्या विचारून लिहून घ्याव्या लागतात. उपकेंद्रात आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी तिचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी तपासतात. रक्तदाब चढलेला निघाला, तर रुग्णवाहिकेने तिला बारामतीला किंवा इंदापूरला उपजिल्हा रुग्णालयात हलवतात. तिथे अधिपरिचारिका, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधनिर्माता, कक्षसेवक आणि वॉर्डातल्या मावशी असे सगळे त्या एका केसपेपरशी जोडले जातात. प्रत्येकाचे काम वेगळे असले तरी परिणाम एकच असतो : आई आणि बाळ सुखरूप सुटणे. हा परिणाम एकेकाच्या हुशारीपेक्षा त्यांच्यातल्या सांध्यांवर अधिक अवलंबून असतो. आशाताईने ऐकलेली डोकेदुखीची तक्रार प्रसूतिकक्षातील सिस्टरपर्यंत पोहोचली नाही, तर मधल्या सगळ्यांनी आपापले काम चोख करूनही बाई झटके येऊन दगावू शकते. म्हणून परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी यांचे सहकार्य हा शिष्टाचाराचा विषय नाही. औषधाच्या मात्रेइतकाच तो उपचाराचा भाग आहे.

साशंक : वर्णन खरे आहे, पण त्याला सांघिक काम म्हणता येणार नाही. ही माणसांची रांग आहे, आणि रांगेतल्या माणसांचे धनी वेगवेगळे आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. ज्या अंगणवाडी सेविकेच्या मदतीशिवाय कोप्यांवरची लेकरे सापडत नाहीत ती महिला व बालविकास विभागाकडे. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून कंत्राटावर चालते आणि तिच्यातले डॉक्टर व चालक त्या व्यवस्थेचे. आशाताई तर कोणाचीच कर्मचारी नाही; तिला कामागणिक मोबदला मिळतो. समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, शेजारची आरोग्यसेविका कायम, आणि दोघींच्या टेबलावर तीच नोंदवही. संघ म्हणायचा तर त्यात एकमेकांना ओळखणे, एकत्र आखणी करणे आणि चूक झाल्यावर एकत्र उत्तर देणे आले. सुप्याच्या बाजूच्या आशाताईला बारामतीच्या प्रसूतिकक्षात त्या रात्री कोणाची ड्युटी आहे हे ठाऊक नसते. तिने पाठवलेल्या बाईचे पुढे काय झाले, हेही तिला अनेकदा घरच्या माणसांकडूनच कळते. अशा व्यवस्थेत ‘सहकार्य वाढवा’ असा आदेश काढणे सोपे असते, कारण त्यासाठी एकही पद मंजूर करावे लागत नाही. रिक्त जागांचा प्रश्न माणसांच्या स्वभावावर ढकलण्याची ती एक रीत आहे.

आग्रही : धनी वेगळे आहेत म्हणूनच सांध्यांचा विचार अधिक करावा लागतो. त्यासाठी सगळ्यांची ओळख असण्याची गरज नाही. निरोप कसा द्यायचा, याची ठरलेली पद्धत असली तरी पुष्कळ काम होते. पाळी बदलताना किंवा रुग्ण पुढे पाठवताना चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या : आत्ता काय झाले आहे, आधी काय होते, सांगणाऱ्याला काय वाटते आणि समोरच्याने काय करावे. ही पद्धत जगभरच्या रुग्णालयांत रुजली आहे. तिच्यातले तिसरे आणि चौथे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण तिथे परिचारिकेला केवळ आकडे सांगून थांबता येत नाही. आपला अंदाज बोलून दाखवावा लागतो.

या भागातल्या सर्पदंशाचे उदाहरण घेता येईल. उसाच्या फडात, पाचटात, रात्री पाणी धरताना घोणस, नाग, मण्यार चावण्याचा धोका असतो. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची सर्वांत साधी चाचणी परिचारिकाही करू शकते : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, नळी 20 मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर प्रतिविषाच्या 8 ते 10 कुप्या देण्याची तयारी करायची. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचे. नळी किती वाजता भरली, चावा किती वाजता झाला, पापण्या पडत आहेत का, लघवी लाल आहे का, या गोष्टी गाडीत बसण्यापूर्वी कागदावर आल्या, तर पुढच्या रुग्णालयाची पहिली 20 मिनिटे वाचतात. कागद कोरा आला, तर तीच चाचणी पुन्हा शून्यापासून होते आणि रुग्णाच्या शरीरात विष पसरत राहते. इथे कोणाचा धनी कोण, हा प्रश्न आडवा येत नाही. आडवा येतो तो कोरा कागद.

साशंक : निरोप देण्याची पद्धत लिहून ठेवता येते, निरोप ऐकण्याची सक्ती करता येत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांनी 1967 मध्ये डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातल्या एका अलिखित खेळाचे वर्णन केले. परिचारिकेने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला आहे असे भासू द्यायचे नाही. डॉक्टरांनी तो घ्यायचा, पण तो आपलाच निर्णय आहे असे दाखवायचे. साठ वर्षांच्या आसपासचे हे निरीक्षण इथल्या वॉर्डांतही ओळखीचे वाटते. अनुभवी सिस्टर नव्या डॉक्टरांना ‘सर, हे इंजेक्शन द्या’ असे सांगत नाही. ती म्हणते, ‘सर, इंजेक्शन काढून ठेवू का?’ रुग्णाच्या उशाशी आठ तास असते ती परिचारिका. राउंड मात्र काही मिनिटांत आटोपतो. श्वास जड होतोय, लघवी कमी झाली, रुग्ण बोलताना अडखळतो, हे सगळे आधी तिला दिसते. तरी ऑर्डर लिहिण्याचा हक्क तिला नाही. तिने फोन केला आणि पलीकडून ‘सकाळी बघू’ असे उत्तर आले, तर ती फक्त आपल्या नोंदीत ‘कळवले’ असे लिहू शकते. तो शब्द रुग्णाला वाचवण्यासाठी लिहिलेला नसतो. उद्या चौकशी झाली तर स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलेला असतो. निर्णयाचा अधिकार वर आणि चुकीची नोटीस खाली, अशी वाटणी असताना सहकार्याचे प्रशिक्षण कोणाच्या वागण्यात बदल करणार?

आग्रही : उतरंड हा अडथळा आहे, हे मान्य. पण ती अभेद्य नाही, असे पुरावे सांगतात. 1986 मध्ये अमेरिकेतील 13 रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही त्या विभागांच्या मृत्यूदरांत फरक उरत होता, आणि त्या फरकाचा संबंध डॉक्टर व परिचारिका यांच्यातला समन्वय किती चांगला आहे याच्याशी दिसला. पुढे 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासयादी दिली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी सगळ्यांनी थांबायचे, नावे सांगायची, रुग्ण आणि शस्त्रक्रियेची जागा पक्की करायची, साहित्य मोजायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे 11 वरून 7 टक्क्यांवर आले. या यादीची खरी ताकद तिच्यातल्या मुद्द्यांत नाही. परिचारिकेला शल्यचिकित्सकाला थांबवण्याचे निमित्त मिळते, त्यात आहे. ती स्वतःच्या नावाने बोलत नाही, यादीच्या नावाने बोलते, आणि कोणाचाही मान न दुखावता काम थांबते. शेजारच्या कर्नाटकात, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांच्या सहभागाने, एका तालुका पातळीच्या प्रसूतिकेंद्रात बाळंतपणासाठीची तपासयादी आजमावली गेली. प्रत्येक बाळंतपणात करायला हव्यात अशा 29 गोष्टींपैकी आधी सरासरी 10 होत होत्या. यादी आल्यावर 25 होऊ लागल्या. हात धुणे, रक्तदाब पाहणे, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणे, अशा या गोष्टी. नवे यंत्र आले नाही, नवा विभाग उघडला नाही, तरी एवढा फरक पडला.

साशंक : हीच गोष्ट पुढे मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली, आणि तिचा निकाल या उत्साहाला लगाम घालणारा आहे. उत्तर प्रदेशात 120 आरोग्य केंद्रांमध्ये ती बाळंतपणाची तपासयादी प्रशिक्षकांच्या मदतीने रुजवण्याचा प्रयोग झाला आणि 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. यादी वापरणाऱ्या केंद्रांत योग्य त्या कृती खूपच अधिक प्रमाणात झाल्या. पण माता-बालकांचे मृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती दोन्ही गटांत जवळपास सारख्याच राहिल्या : एकीकडे 15.1 टक्के, दुसरीकडे 15.3. वागणे बदलले, निष्पत्ती बदलली नाही. शस्त्रक्रियेच्या यादीचेही तसेच. कॅनडातील ओंटारियो प्रांतात ती सरसकट लागू केल्यानंतर 2014 मध्ये जो अभ्यास आला, त्यात मृत्यूदरात ठळक घट दिसली नाही. याउलट एका गोष्टीचा परिणाम स्पष्ट दिसला आहे. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांवरील अभ्यासात, जो 2014 मध्येच प्रसिद्ध झाला, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते असे आढळले. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांसाठी पाच रुग्णांमागे एक असे आहे. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला हे प्रमाण किती पाळले जाते, हे तिथे एक रात्र काढलेल्या कोणत्याही नातेवाइकाला माहीत आहे. एका सिस्टरकडे सगळा वॉर्ड असेल, तर तिच्याकडे निरोपाची चार वाक्ये क्रमाने सांगायला वेळच नसतो. आधी हात मोजा, मग त्यांचा मेळ बघा.

आग्रही : उत्तर प्रदेशाच्या निकालातून सहकार्य निरुपयोगी आहे असे निघत नाही, कोणते सहकार्य कामाचे, ते निघते. आठवण करून देणारी यादी पुरत नाही. धोका दिसताच उपचार सुरू करण्याची मुभा, साहित्य आणि पुढचा दुवा या तिन्ही गोष्टी सोबत लागतात. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील बाळंतपणांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली खुणा असलेली पिशवी ठेवून रक्तस्राव डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी मोजायचा, आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळे एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, असे सुईणी-परिचारिकांना शिकवले. गंभीर रक्तस्राव, त्यामुळे कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 1.6 टक्के राहिले. नेहमीच्या पद्धतीत ते 4.3 टक्के होते. तिथे परिचारिका आधी परवानगी मागत बसली नाही. मोजमापाने तिला अधिकार दिला.

भारतातही ही वाट उघडलेली आहे. केंद्र सरकारच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित आरोग्यसेविका आणि परिचारिकांना झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवता येते. म्हणजे ज्या क्षणी डॉक्टर दूर आहेत, त्या क्षणापुरता निर्णय तिचा आहे, हे सरकारने लेखी मान्य केले आहे. लोणी भापकर, मोरगाव, सुपे या जिरायती पट्ट्यातून बारामती गाठेपर्यंत जो वेळ जातो, त्यात हा पहिला डोस जीव वाचवू शकतो.

साशंक : मुभा कागदावर आहे आणि भीती वॉर्डात आहे. मॅग्नेशियमचे डोस जपून द्यावे लागतात. श्वास मंदावू शकतो, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासावी लागते. असे काही झाले, तर दिलेल्या डोसाचा जाब तिला विचारला जाईल. न दिलेल्या डोसाचा जाब सहसा कोणी विचारत नाही, कारण तेव्हा ‘तातडीने रेफर केले’ एवढी नोंद पुरते. घाबरलेली माणसे हात आखडतात आणि गाडी बोलावतात. त्यामुळे मुभा देणाऱ्याने संरक्षणही द्यायला हवे. शिवाय सहकार्याच्या नावाखाली कामे खाली सरकवण्याचा जुना इतिहास आहे. 1973 मध्ये करतार सिंग समितीने वेगवेगळ्या रोगांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी ही कल्पना मांडली. बाळंतपणे करणारी सहायक परिचारिका त्यानंतर लसीकरण, कुटुंबनियोजन, ताप, क्षय, सर्वेक्षण आणि अहवाल या सगळ्यांची झाली. आज तिच्या हातात मोबाइलवरची अ‍ॅप आणि नोंदवह्या दोन्ही आहेत. प्रत्येक नवी योजना तिला संघातली महत्त्वाची सदस्य म्हणते आणि आणखी एक रकाना देते.

आग्रही : तरीही महाराष्ट्रातच याच्या उलट घडल्याची उदाहरणे आहेत. इथून फार लांब नसलेल्या जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या आठवड्याला जामखेडला येत, अनुभव मांडत, शिकून परत जात. परिचारिका, समाजसेवक आणि डॉक्टर यांचे फिरते पथक त्यांच्या गावात येई. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. त्यात जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही होते. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला. दोन्ही ठिकाणी कामाबरोबर निर्णयही खाली सोपवला गेला, आणि तो पेलला गेला.

साशंक : ती उदाहरणे मोठी आहेत, आणि म्हणूनच त्यांचे पुढे काय झाले ते पाहावे लागते. 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशाताईंकडे आला. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर सात, असे वेळापत्रक आले. भेटी, वजन, तापमान, नोंद हे सगळे आले. इंजेक्शन आशाताईच्या हाती आले नाही. म्हणजे प्रयोगातली मेहनत व्यवस्थेने उचलली आणि अधिकार मागे ठेवला. त्याला कारणही आहे. जामखेड आणि गडचिरोलीत खाली निर्णय घेणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहणारे डॉक्टर तिला नावाने ओळखत होते आणि वर्षानुवर्षे तिथेच होते. सरकारी यंत्रणेत डॉक्टरांची बदली होते, कंत्राटी कर्मचाऱ्याची मुदत संपते. विश्वास माणसांत तयार होतो आणि माणसे टिकत नाहीत. 2022 च्या मे महिन्यात राज्यभरच्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीला विरोध हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. त्याकडे केवळ पगाराचा वाद म्हणून पाहणे अपुरे आहे. बाहेरच्या कंपनीकडून थोड्या मुदतीसाठी आलेली परिचारिका वरिष्ठांना ‘थांबा, हे चुकते आहे’ असे म्हणण्याचा धोका पत्करेल का, हा त्यात दडलेला रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आग्रही : नोकरीचे स्थैर्य हा सहकार्याचा पाया आहे, हे स्वीकारावेच लागेल. पण तो एकमेव पाया नाही, हे 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत याच भागात दिसले. एप्रिलमध्ये राजस्थानातील भिलवाड्याच्या धर्तीवर बारामती शहरात जी आखणी झाली, ती ‘बारामती पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. रस्ते बंद ठेवून गरजेच्या वस्तू घरपोच देणे आणि घरोघर जाऊन लक्षणे विचारणे, यासाठी नगरपालिका, पोलीस, महसूल, डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई एकाच आराखड्यात आले. धनी तेव्हाही वेगळेच होते. तरी रोजची माहिती एका जागी जमा होत होती आणि निर्णय त्याच दिवशी खाली पोहोचत होता. विभागांच्या भिंती ओलांडता येतात, याला यापेक्षा जवळचा पुरावा नाही.

साशंक : संकटात माणसे एकत्र येतात, कारण तेव्हा ध्येय एकच असते, वरून पाठबळ असते आणि बाकीची कामे बाजूला ठेवलेली असतात. रोजच्या कामात यातले काहीच नसते. त्यातच तेव्हा तात्पुरते नेमलेले अनेक कर्मचारी लाट ओसरल्यावर घरी गेले आणि त्यांच्याबरोबर शिकलेले शहाणपणही गेले. सहकार्याची परीक्षा साथीत होत नाही. मार्च महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी होते, जेव्हा हंगाम संपून पट्टा पडण्याआधीच्या घाईत टोळीतली बाई तपासणी टाळते आणि तिला शोधायला जायचे की अहवाल भरायचा, हे एका आरोग्यसेविकेला ठरवायचे असते.

आग्रही : मग साध्या दिवसासाठी दोन गोष्टी हाताशी आहेत. पहिली मृत्यूच्या परीक्षणाची. माता मृत्यूचे परीक्षण देशात 2010 पासून रीतसर होते आणि 2017 मध्ये त्याची नवी कार्यपद्धती आली. त्याचे तत्त्व असे की गुन्हेगार शोधायचा नाही, उशीर कुठे झाला ते शोधायचे : घरातून निघायला, वाटेत, की रुग्णालयात पोहोचल्यावर. 2018-20 च्या नमुना नोंदणी आकडेवारीत महाराष्ट्राचा माता मृत्यूदर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होता आणि देशाचा 97. उरलेले मृत्यू कमी करायचे तर प्रत्येक मृत्यूची कहाणी आशाताईपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून वाचावी लागेल. दुसरी गोष्ट शिक्षणाची. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी देशभर नवा क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आहेत. आरोग्य पथकात काम करणे हाही त्यांतला एक विषय आहे. म्हणजे या महाविद्यालयाची एकही तुकडी जुन्या अभ्यासक्रमातून गेलेली नाही. नवी संस्था जुन्या सवयींनी बांधलेली नसते. तिथल्या भावी डॉक्टरांनी परिचर्येच्या विद्यार्थिनींबरोबर एकाच वॉर्डात एकच रुग्ण समजून घेतला, आठवडाभर आरोग्यसेविकेबरोबर कोप्यांवर फिरले, तर पुढे तिचा फोन आल्यावर ‘सकाळी बघू’ म्हणणे त्यांना जड जाईल.

साशंक : शिक्षणातून येणारा बदल खरा असतो, पण त्याला एक पिढी लागते. परीक्षणाबद्दल मात्र सावध राहायला हवे. दोषी न शोधणाऱ्या परीक्षणाचे तत्त्व आणि शिस्तभंगाची कारवाई एकाच कार्यालयातून निघतात. ज्या बैठकीत खरे बोलायचे, त्याच बैठकीतले अधिकारी उद्या गोपनीय अहवाल लिहिणार असतील, तर आशाताई आणि सिस्टर दोघीही सुरक्षित तेवढेच सांगतील. तरीही एक मुद्दा मान्य करायला हवा. पुरेशी माणसे मिळाली, तरी जुन्या उतरंडीत ती एकमेकांशी बोलतीलच असे नाही. भरलेल्या जागा आणि बंद तोंडे, ही अवस्थाही रुग्णासाठी धोक्याचीच आहे.

आग्रही : आणि इकडूनही एक मुद्दा मान्य करावा लागतो. सहकार्य हा सद्भावनेचा प्रश्न आहे, असे धरून चालणे चूक होते. ज्या प्रयोगांत जीव वाचले, तिथे तीन गोष्टी एकत्र होत्या : धोका ओळखण्याचे ठरलेले माप, ते ओलांडताच कृती सुरू करण्याचा खालच्या पातळीवरचा अधिकार, आणि नंतर त्या कृतीच्या पाठीशी उभे राहणारे कोणीतरी. जिथे फक्त पहिली गोष्ट होती, तिथे कागद सुधारले आणि मृत्यू तसेच राहिले. उत्तर प्रदेश आणि आफ्रिकेतले प्रयोग शेजारी ठेवले की निदान असा अर्थ लावता येतो.

साशंक : म्हणजे वाद आता सहकार्य हवे की नको यावर उरलेला नाही. तो तिसऱ्या गोष्टीवर येऊन थांबतो. रात्री अकरा वाजता निमगाव केतकीकडच्या एखाद्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने स्वतःच्या अंदाजावर पहिला डोस दिला आणि बाई तरीही दगावली, तर उत्तर कोण देणार? जिल्हा परिषद, उपजिल्हा रुग्णालय, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून ते द्यावे, अशी यंत्रणा आज नाही. प्रत्येकाची चौकशी वेगळी, प्रत्येकाचा अहवाल वेगळा. उपचारात संघ आणि जबाबात एकटी, ही विसंगती मिटल्याशिवाय आधी पाहणारीला आधी कृती करायला सांगणे अन्याय्य आहे.

आग्रही : आणि ती मिटेपर्यंत तिला थांबायला सांगणे हा रुग्णावर अन्याय आहे. नवी नोकरभरती, नवे कायदे आणि संयुक्त उत्तरदायित्वाचे नियम येईपर्यंत अनेक गळीत हंगाम जातील. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने या व्यवसायाच्या नियमनाची चौकट बदलायला घेतली आहे. तिच्यातून परिचारिकेच्या निर्णयाची कक्षा किती रुंदावेल, ते नियम आणि अंमलबजावणी यांवर ठरेल. तोवर प्रत्येक तालुक्याने निदान आपल्यापुरते लेखी ठरवायला हवे : कोणत्या चिन्हांवर कोणती कृती विचारल्याशिवाय सुरू करायची, कोणाला फोन करायचा, तो किती वेळात उचलला गेला पाहिजे, आणि ठरल्याप्रमाणे वागणाऱ्याच्या पाठीशी कोणाची सही असेल.

साशंक : त्या कागदावर ती शेवटची सही कोणत्या विभागाच्या अधिकाऱ्याची असेल, हे ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी सहकार्याची चर्चा संपून त्याचा कारभार सुरू होईल. तोवर यादी, प्रशिक्षण आणि निरोपाची पद्धत यांचा उपयोग आहे, पण त्यांचे ओझे ज्यांच्या खांद्यावर पडते त्यांनाच त्यांचा धोकाही सोसावा लागतो. हे ओझे आणि धोका कसे वाटून घ्यायचे, यावर डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशाताई यांनी समोरासमोर बसून बोललेले नाही. बारामती-इंदापूरच्या आरोग्यव्यवस्थेत तीच पहिली संयुक्त बैठक व्हायला हवी.